विश्लेषण : बाळंतपणाची रजा आणि पैसे, हिशेब तिसऱ्या महिन्यातच का मांडावा?

वरवंडच्या चौकात सकाळी उभे राहिले, की कामाला निघालेल्या बायका पुणे-सोलापूर महामार्गावर दोन्ही दिशांना जाताना दिसतात. कुणी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीकडे, कुणी चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे रांजणगावकडे. कुणी पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून कांदा लागणीला किंवा गुऱ्हाळावर, तर कुणी डबा आणि पर्स सांभाळत शाळेकडे.

समजा, यातल्या तिघींना एकाच सुमारास दिवस गेले. तिघींचे पहिलेच बाळ आणि डॉक्टरांनी दिलेली तारीखही एकच, १५ जून. पहिली सरकारी नियमांखाली येणारी शिक्षिका. दुसरी ठेकेदारामार्फत कारखान्यात ५०० रुपये रोजावर जाणारी. तिसरी शेतमजूर. शिक्षिकेला १८० दिवसांची भरपगारी रजा मिळेल. कारखान्यातलीला, नियमाप्रमाणे मोजले तर, ९१ हजार रुपये मिळायला हवेत. शेतमजूर बाईला मिळतील पाच हजार, तेही दोन हप्त्यांत.

ही तफावत कायद्याने केलेली आहे आणि तिच्याबद्दल शेवटी बोलूच. पण त्याआधीचा प्रश्न जास्त तातडीचा आहे. जे कायद्याने मिळायला हवे, तेही अनेकींच्या हातात पूर्ण पडत नाही. कारण हिशेब मांडला जातो तो बाळंतपण झाल्यावर. तोवर कुठे नोंदणीची मुदत गेलेली असते, कुठे हजेरीचा कागद नसतो, तर कुठे ठेकेदारच बदललेला असतो. म्हणून सोनोग्राफीची पहिली तारीख कळली, की त्याच आठवड्यात नवरा-बायकोने कॅलेंडर घेऊन बसावे. ते कसे, त्याचे हे विश्लेषण.

पहिला प्रश्न : तुमचे पैसे कोण देणार?

बाळंतपणाचा लाभ एका खिडकीतून मिळत नाही. वाटा चार आहेत आणि आपण कुठल्या वाटेवर आहोत हे आधी ठरवावे लागते.

सरकारी सेवेत असाल तर रजेचे नियम लागू. खासगी नोकरी असेल आणि पगारचिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसत असेल, तर पैसे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. खासगी नोकरी आहे पण ईएसआय नाही, तर मालकाने द्यायचे. आणि यातले काहीच नसेल, म्हणजे शेतमजुरी, घरकाम, स्वतःची शेती किंवा घर सांभाळणे असेल, तर प्रधानमंत्री मातृवंदना योजना.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. मातृवंदनेचे पैसे सगळ्यांना मिळतात आणि ते रजेच्या पगारावर वरकड असतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ज्या बाईला कायद्याने याच स्वरूपाचा लाभ स्वतःच्या नोकरीतून मिळतो, ती या योजनेत बसत नाही. केंद्र, राज्य किंवा सार्वजनिक उपक्रमांतल्या नियमित कर्मचारी महिलाही बसत नाहीत. मात्र नवरा कारखान्यात आहे आणि बायको घरी किंवा शेतात आहे, तर बाकीची पात्रता असल्यास तिचा अर्ज जरूर करावा.

८० दिवस आणि २६ आठवडे : मोजायचे कसे?

खासगी नोकरीतल्या महिलांसाठी मूळ कायदा १९६१चा. २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. कायद्याचे नाव बदलले, तरी रजेचा गाभा तोच आहे. कारखान्यांना, तसेच दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना तो लागू होतो.

अट एकच मोठी आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे. आपल्या उदाहरणात मागच्या १५ जूनपासून या १५ जूनपर्यंतचे दिवस धरायचे. ८० दिवस म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची हजेरी. नोकरी कायम असावी, अशी अट कुठेही नाही.

पहिल्या दोन हयात अपत्यांपर्यंत २६ आठवडे मिळतात. आधीची दोन मुले हयात असतील, तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. १५ जूनपासून आठ आठवडे मागे गेले, की २० एप्रिल येतो. त्या दिवशी रजा सुरू केली, तर १८२ वा दिवस १८ ऑक्टोबरला येतो आणि १९ ऑक्टोबरला कामावर रुजू व्हायचे.

आठ आठवडे ही वरची मर्यादा आहे, सक्ती नाही. तब्येत साथ देत असेल आणि काम हलके असेल, तर उशिरा रजा घेऊन बाळाजवळचे दिवस वाढवता येतात. उलट, ओटी भरून सातव्या महिन्यातच माहेरी जायचा बेत असेल, तर २० एप्रिलच्या आधीचे दिवस या रजेत बसणार नाहीत. ते साठवलेल्या रजेतून किंवा बिनपगारी जातील. हे आधी माहीत असेल, तर ओटीभरणाची तारीख त्या हिशेबाने धरता येते.

उभ्याने करायचे किंवा अंगमेहनतीचे काम असेल, तर आणखी एक हक्क आहे. अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईने मागणी केली तर तिला तसे काम देता येत नाही. पण मागणी करावी लागते, आणि ती लेखी केलेली बरी.

रविवारचे पैसे धरायचे का?

इथेच एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम निसटते.

हिशेबाचा दर म्हणजे रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत, काम केलेल्या दिवसांचा सरासरी रोज. २० एप्रिलला रजा सुरू होत असेल, तर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च बघायचे. हा दर किमान वेतनापेक्षा कमी धरता येत नाही.

आता गुणाकार. बाईचा रोज ५०० रुपये आणि आठवड्यातले सहा दिवस काम. काही ठिकाणी हिशेब असा करतात : २६ आठवडे गुणिले ६ दिवस, म्हणजे १५६ दिवस, १५६ गुणिले ५००, म्हणजे ७८ हजार. रविवारी काम नाही म्हणून रविवारचे पैसे नाहीत, असे त्यामागचे कारण सांगतात.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो आजच चुकीचा ठरलेला नाही. कोइमतूरच्या कामगार न्यायालयातून वर गेलेल्या बी. शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले, की या लाभासाठी आठवडा म्हणजे रविवार धरून पूर्ण सात दिवस. त्यामुळे २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस आणि १८२ गुणिले ५००, म्हणजे ९१ हजार रुपये. फरक १३ हजारांचा. महिन्याला २६ दिवस भरणाऱ्या बाईची ती एका महिन्याची कमाई आहे.

ज्यांना मासिक पगार आहे आणि साप्ताहिक सुटीचा पगार त्यात आधीच धरलेला आहे, त्यांचा दिवसाचा दर वेगळा निघेल. त्यामुळे त्यांना हा १३ हजारांचा हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. पण दिवस १८२ च मोजायचे, हे सगळ्यांना सारखे.

पैसे कधी मिळायचे, हेही ठरलेले आहे. मालकाने द्यायचे असतील, तर प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळते. आपल्या उदाहरणात ५६ दिवसांचे २८ हजार. उरलेले १२६ दिवसांचे ६३ हजार प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांच्या आत. मालकाने मोफत वैद्यकीय सोय केली नसेल, तर वर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस.

सूचना द्यायची ती लेखी. रजा कधीपासून आणि पैसे कुणाच्या नावे, हे त्यात लिहायचे आणि एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवायची. सूचना द्यायची राहून गेली, तरी हक्क बुडत नाही. ती बाळंतपणानंतरही लवकरात लवकर देता येते.

पगारचिठ्ठीत ईएसआय कपात असेल तर?

महिन्याचे वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असलेले कर्मचारी ईएसआयमध्ये येतात. कर्मचाऱ्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १३ हजार वेतन असेल, तर बाईच्या वेतनातून महिन्याला साधारण ९७ रुपये जातात. या ९७ रुपयांमागे काय मिळते, हे अनेकींना ठाऊक नसते. मोफत बाळंतपण मिळतेच, शिवाय २६ आठवड्यांची सरासरी वेतनाइतकी पूर्ण रक्कम मिळते, आणि ती मालकाकडून नव्हे तर महामंडळाकडून थेट खात्यात येते.

अट मात्र वेगळी आहे. लगतच्या मागील दोन योगदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे योगदान भरलेले असावे लागते. हे कालावधी ठरलेले असतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. म्हणून नुकतीच नोकरीला लागलेल्या बाईने फक्त चालू महिन्यांची हजेरी बघून निश्चिंत राहू नये. आपला विमा क्रमांक घेऊन योगदान खरोखर जमा होते का, हे मोबाइलवर ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग अॅपवर बघावे. चिठ्ठीवर कपात दिसते पण खात्यात भरणा नाही, हे कळायचे असेल तर तिसऱ्या महिन्यात कळावे. नवव्या महिन्यात कळून उपयोग नसतो.

नवऱ्याचा ईएसआय असेल, तर बायकोला रजेचे पैसे मिळत नाहीत, पण तपासण्या आणि बाळंतपणाचा उपचार मिळतो. जिथे ईएसआयची अशी सोय नाही, तिथल्यांना प्रसूती खर्चापोटी ठरावीक रक्कमही मागता येते.

ठेकेदाराकडे काम करणारीचे काय?

‘तू कंपनीची नाहीस, तुला कसली रजा?’ हे वाक्य औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या बाईला नवे नाही. कायदा असे म्हणत नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील महिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले, की हजेरीपटावरच्या रोजंदार बाईलाही हा लाभ लागू आहे. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी एक दार उघडले. करार मध्येच संपला, तरी पात्र ठरलेल्या बाईचा प्रसूती लाभ कराराबरोबर संपत नाही.

गरोदर आहे म्हणून किंवा रजेवर आहे म्हणून काढून टाकणे बेकायदा आहे. तसे काढले, तरी लाभ द्यावाच लागतो. तक्रार लेखी करावी आणि ती पुण्यातल्या कामगार विभागाच्या कार्यालयाकडे द्यावी.

पण न्यायालयाचा निर्णय आणि बाईच्या हातातला पुरावा यांत मोठे अंतर असते. ठेकेदार बदलतो, हजेरीपुस्तक त्याच्याबरोबर जाते आणि ८० दिवस दाखवायचे कशाने, हा प्रश्न उरतो. म्हणून दर महिन्याच्या पगारचिठ्ठीचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. पगार रोखीने मिळत असेल, तर खात्यात मागावा. गेटपास, ओळखपत्र, बसचा पास, हजेरीचा मेसेज, जे मिळेल ते जपून ठेवावे. उद्या गरज पडली, तर हेच उपयोगी येते.

शेतात, गुऱ्हाळावर, ऊसतोडीत असेल तर?

आता तिसरीकडे येऊ. दौंड आणि शिरूर हे उसाचे तालुके. इथे शेतात राबणाऱ्या बायका आहेत, गुऱ्हाळावर काम करणाऱ्या आहेत आणि हंगामात बाहेरून येणाऱ्या ऊसतोड मजूर आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या जोडीला मिळते. बाई बाळंतपणासाठी थांबली, की कोयता अर्धा होतो. रजेचा प्रश्नच तिथे उभा राहत नाही, उभा राहतो तो खाड्याचा.

गुऱ्हाळावर दहा माणसे राबत असतील, तर प्रसूती रजेचा कायदा लागू होऊ शकतो. पण हजेरीच नसेल, तर सिद्ध काय करणार?

म्हणून बहुतेक जणींसाठी मातृवंदना योजनाच उरते. ही योजना २०१७ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२२ पासून तिचे नियम बदलले. आता पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता ३,००० रुपयांचा. त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झालेली असावी. दुसरा हप्ता २,००० रुपयांचा. तो बाळाची जन्मनोंद आणि लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर मिळतो. दुसरे अपत्य मुलगी असेल, तर ६,००० रुपये एकरकमी. पण त्यासाठीही नोंदणी गरोदरपणातच केलेली असावी लागते. ‘मुलगी झाली तर बघू’ म्हणणाऱ्यांचे पैसे इथेच जातात.

आपल्या उदाहरणात शेवटची पाळी ८ सप्टेंबरची धरली, तर नोंदणी आणि पहिली तपासणी मार्चच्या पहिल्या आठवड्यापूर्वी व्हायला हवी. बाळ १५ जूनला झाले, तर १४ आठवड्यांची लस २१ सप्टेंबरला येते. त्यानंतर दुसरा हप्ता. योजनेचा अर्ज बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत झालेला असावा लागतो. ही मुदत पुढच्या वर्षी १२ मार्चला संपते.

पात्रतेसाठी अन्नसुरक्षेचे रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान भारतचे कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असल्याचा दाखला, यातला एखादा पुरावा चालतो. घरोघर जाऊन हा अर्ज भरून घेणारी आशाताई स्वतः मानधनावर काम करते. तिला दिवस गेले, तर तीही याच योजनेत पात्र ठरते.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मले, तर पुढच्या वेळी पुन्हा नव्याने लाभ घेता येतो. नोकरी करणाऱ्या बाईलाही गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. या दुःखात कुणी रजेचे बोलत नाही आणि म्हणूनच हा हक्क सर्वांत कमी माहीत आहे. जाऊबाईने, मैत्रिणीने, कुणीतरी तो सांगायला हवा.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण केले, तर जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण सगळे मोफत आहे. याशिवाय दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या मातांना जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात. रक्कम छोटी आहे, पण ती मातृवंदनेपासून वेगळी आहे.

बाप होणाऱ्याला काय मिळते?

उत्तर छोटे आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला अशी रजा देण्याची सक्ती करणारा कायदा नाही. कंपनीच्या धोरणात असेल तर मिळते. नाहीतर आपली रजा वाचवून ठेवणे हाच मार्ग, आणि त्यासाठीही तारीख आधी माहीत हवी.

पण बापाच्या नावावर एक मोठा लाभ आहे आणि तो अनेकांना माहीत नाही. तो गवंडी, सुतार, रंगारी, सेंट्रिंग किंवा बांधकामावरचा मजूर असेल आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी चालू असेल, तर पत्नीच्या नैसर्गिक प्रसूतीसाठी १५ हजार आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास २० हजार रुपये मिळतात. नोंदणीकृत महिला कामगारालाही हाच लाभ. तो दोन जीवित अपत्यांपर्यंत मिळतो. अट अशी, की नोंदणी जिवंत हवी. मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला देऊन ती होते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. बायको तीन महिन्यांची असताना नवऱ्याने आपले कार्ड काढून तारीख बघितली, तर वेळ हातात असतो.

लेक माहेरी, फाइल सासरी

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. बाई माहेरी जाते, पण नोंदणी, आशाताई आणि कार्ड सासरच्या गावात राहतात. जन्मनोंद तिसऱ्याच गावी होते, कारण ती जिथे जन्म झाला तिथे होते. लसी माहेरच्या आरोग्य केंद्रात टोचल्या जातात. मग दुसऱ्या हप्त्याच्या वेळी कुठल्या गावच्या ताईने काय भरायचे, यावर गाडी अडते.

यावर उपाय सोपा आहे. माता व बाल संरक्षण कार्ड ओटीच्या सामानाइतकेच आठवणीने बरोबर न्यावे. त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये ठेवावा. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, ती तेव्हाच करून दाखला घ्यावा. दोन्ही गावांच्या आशाताईंचे नंबर एकमेकींना द्यावेत.

दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे आणि कार्डावर तिसरेच. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि खाते बाईच्या स्वतःच्या नावाचे लागते. नाव बदलायला वेळ लागतो, म्हणून तेही काम तिसऱ्या महिन्यातले.

रजेवरून परतल्यावर काय?

१९ ऑक्टोबरला कामावर आलेल्या बाईचा हक्क त्या दिवशी संपत नाही. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुटीशिवाय दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ मिळतो. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघर हवे आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटता यायला हवे. बाळंतपणातून आजार उद्भवला, तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजा मिळते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर बाईची तयारी असली, तरी तिला कामावर घेता येत नाही.

हक्क आहे, मग प्रश्न कुठे आहे?

हिशेब मांडता येतो, पण त्या हिशेबातली विषमता हिशेबाने जात नाही. शेतात दिवसाला ४०० रुपये रोज धरला, तर मातृवंदनेचे ५,००० रुपये म्हणजे साडेबारा दिवसांची मजुरी. कारखान्यातल्या बाईला कायदा १८२ दिवस देतो. बाळाला आईची गरज दोन्हीकडे सारखीच असते.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये द्यायचे म्हटले होते. त्यात पहिलेच अपत्य असावे, अशी अट नव्हती. योजना आली तेव्हा रक्कम ५,००० झाली आणि ती पहिल्या बाळापुरती राहिली. २०१७ पासून महागाई कुठे गेली, हे दवाखान्याचे बिल भरणाऱ्याला सांगायला नको. पण पहिल्या बाळाचे पाच हजार तिथेच आहेत.

या राज्याला हा प्रश्न नवा नाही. देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा १९२९ मध्ये मुंबई प्रांतातच झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुद्दा मांडला होता, की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे त्याचा मोठा भार खरे तर सरकारनेच उचलायला हवा. जवळपास शंभर वर्षांनंतरही सगळा भार एकट्या मालकावर टाकला, की तो बाईला कामावर घेतानाच कचरतो. आणि मालकच नसलेल्या बाईचा भार कुणीच उचलत नाही. ईएसआयने वर्गणीतून हा तिढा कारखान्यांपुरता सोडवला. शेतमजूर आणि ऊसतोड बाईसाठी तसा निधी का उभा राहू नये, हा प्रश्न सरकारला विचारायलाच हवा.

तोवर एक काम गावपातळीवर, फारसा खर्च न करता होऊ शकते. आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंदणी होताना तिचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन विचारले जाते. त्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारावेत. तू कुठे काम करतेस? पगारचिठ्ठीवर ईएसआय आहे का? नवऱ्याचे बांधकाम कार्ड आहे का? या तीन उत्तरांवरून तिची वाट ठरते आणि तारखा कार्डाच्या मागे लिहून देता येतात. ग्रामपंचायतीने महिन्यातून एक दिवस आशाताई, अंगणवाडीताई आणि कामगार विभागाचा एक माणूस एका टेबलावर बसवला, तर वरवंडपासून रांजणगावपर्यंत अनेक घरांचे हजारो रुपये वाचतील.

तारखांची यादी : फोनमध्ये जपून ठेवा

तिसऱ्या महिन्यापर्यंत : आरोग्य केंद्रात नोंदणी आणि कार्ड. चारपैकी आपली वाट ठरवणे. आधार आणि बँक खात्यातले नाव जुळवणे. ईएसआयचे योगदान किंवा बांधकाम कामगार नोंदणी तपासणे.

सहाव्या महिन्याच्या आत : किमान एक तपासणी आणि मातृवंदनेचा अर्ज. नोकरी असेल, तर ८० किंवा ७० दिवसांचा पुरावा एकत्र करणे.

सातव्या महिन्यात : मालकाला लेखी सूचना आणि पोच. माहेरी जाणार असाल, तर कार्ड बरोबर आणि फोटो दोघांच्या फोनमध्ये.

प्रसूतीआधी आठ आठवडे : या तारखेपासून पगारी रजा घेता येते. आगाऊ रक्कम मागा.

जन्मानंतर २१ दिवसांत : जन्मनोंद. प्रसूतीचा दाखला मालकाला किंवा ईएसआयला देणे.

१४ आठवड्यांची लस झाल्यावर : मातृवंदनेचा दुसरा हप्ता.

२७० दिवसांच्या आत : मातृवंदनेचा अर्ज राहिला असेल, तर शेवटची संधी.

घरात कुणाला दिवस गेले असतील, तर ही यादी आज तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या फोनवर पाठवा. बारशाला दिलेल्या झबल्या-टोपड्यापेक्षा तिला हिचा जास्त उपयोग होईल.